नोकरी गेली, मुलांची पोटगी चालू: गप्प राहावं, आपसात ठरवावं की कोर्टात जावं?

हिंजवडी असो की ऐरोली, कंपनीनं कमी केल्याचा मेल आला की बहुतेक घरांत पहिला हिशेब गृहकर्जाच्या हप्त्याचा होतो. घटस्फोट झालेल्या किंवा वेगळं राहणाऱ्या बापाला त्याआधी दुसरा आकडा आठवतो: कोर्टानं ठरवून दिलेली मुलांची पोटगी. काही घरांत ही रक्कम आई भरते, आणि पुढचं बरंचसं तिलाही लागू आहे.

अशा वेळी चार वाटा दिसतात. पैसे थांबवून गप्प राहायचं, समोरच्याशी बोलून रक्कम कमी करायची, कोर्टात अर्ज करायचा, किंवा साठवणीतून पूर्ण रक्कम भरत राहायचं. यातली कुठलीही निवडण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी. पगार थांबला म्हणून पोटगीचा आदेश थांबत नाही. तो बदलण्याचा अधिकार फक्त कोर्टाला आहे आणि कोर्ट तो बदलेपर्यंत जुनाच आकडा दर महिन्याला तुमच्या नावावर चढत राहतो.

गप्प राहणं

याबद्दल फार लिहायची गरज नाही, कारण ही वाट सगळ्यात वाईट आहे. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली दिलेली पोटगी पुरेशा कारणाशिवाय थकली, तर कोर्ट वसुलीचं वॉरंट काढू शकतं. तरीही रक्कम उरली, तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. आत जाऊन आलं की हिशेब मिटतो, असा समज अजूनही बऱ्याच जणांचा आहे. तो चुकीचा आहे. कुलदीप कौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच सांगितलंय की कैद हा वसुलीसाठीचा दबाव आहे, त्यानं देणं फिटत नाही.

या कलमाखाली वॉरंटसाठीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात करावा लागतो. तेवढ्या आशेवर काही जण दिवस काढतात. पण आदेश हिंदू विवाह कायद्याखालचा असेल तर त्याची अंमलबजावणी दिवाणी हुकूमनाम्यासारखी होते, आणि तिथे ही एका वर्षाची अट नाही.

आपसात ठरवणं

बहुतेक जण हीच वाट धरतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असं नाही. दोघांत बोलणं शिल्लक असेल तर यापेक्षा झटपट आणि स्वस्त काही नाही. वकिलाची फी नाही, तारखा नाहीत, मुलांपुढे भांडण नाही. "तीन महिने आठ हजारच जमतील, नोकरी लागली की उरलेले देतो," एवढा एक मेसेज आणि समोरून "ठीक आहे."

अडचण पुढे येते. समजा आदेश महिना २०,००० चा आहे आणि असं ठरल्यावर तुम्ही ८,००० देताय. कागदावर दर महिन्याला १२,००० थकतात. नोकरीच्या शोधात वर्ष गेलं तर १,४४,००० झाले. तोवर कुणाचं दुसरं लग्न ठरलं, शाळेची फी वाढली, एखाद्या सुट्टीवरून खटका उडाला, की ते "ठीक आहे" मागे पडतं आणि वसुलीचा अर्ज दाखल होतो. मेसेज पुरावा म्हणून दाखवता येतो, तुमचा हेतू वाईट नव्हता हेही दिसतं. पण आदेश त्यानं बदललेला नसतो. शिवाय पोटगी मुलाची आहे. आईनं मोठ्या मनानं "राहू दे" म्हटलं, तरी मुलाचा हक्क सोडून द्यायचा अधिकार तिला नाही, हे न्यायालयांनी वेळोवेळी सांगितलं आहे.

इथेच आणखी एक गफलत होते. बाप म्हणतो, "मी थेट शाळेची फी भरली, सायकल घेऊन दिली, ते धरा." आदेशात रक्कम आईच्या खात्यात जमा करायची असं असेल, तर असा खर्च पोटगीत वळता होईलच याचा भरवसा नसतो. रोख तर देऊच नका. बँकेतून पाठवा आणि शेऱ्यात महिना लिहा: "जून पोटगी, अंशतः."

तरीही आपसात ठरलेलंच हवं असेल तर चांगला मार्ग आहे. ज्या कोर्टानं आदेश दिला तिथेच दोघांच्या सहीनं ते दाखल करा आणि त्यावर आदेश मागा. कौटुंबिक न्यायालयानं तडजोडीचा प्रयत्न करावा असं कायद्यातच आहे, आणि तिथले समुपदेशक यासाठीच असतात. दोघं राजी असतील तर लढवल्या जाणाऱ्या अर्जापेक्षा हे काम खूप लवकर होतं.

कोर्टात अर्ज

परिस्थिती बदलली हे सिद्ध केलं तर पोटगी कमी किंवा जास्त करून मिळते. फौजदारी प्रक्रिया संहितेचं जुनं कलम १२७, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं नवं कलम १४६. हिंदू विवाह कायद्याखाली मुलांबाबतचा आदेश असेल तर कलम २६. घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखालचा असेल तर कलम २५. अर्ज त्या-त्या आदेशाच्या कोर्टात.

माझ्या मते इथे सगळ्यात मोलाची गोष्ट म्हणजे अर्जाची तारीख. नोकरी जूनमध्ये गेली आणि अर्ज डिसेंबरमध्ये केला, तर मधल्या सहा महिन्यांची सवलत मिळेल अशी आशा धरू नका. म्हणून नोकरी गेल्याच्या पहिल्या महिन्यातच अर्ज पडायला हवा. निकालाला कितीही तारखा लागोत.

नोकरी कशी गेली हे न्यायाधीश बारकाईनं बघतात. कंपनीनं शंभर जणांना काढलं त्यात तुम्ही होतात, ही एक गोष्ट. पोटगीचा आदेश झाल्यावर दोन महिन्यांत राजीनामा देऊन भावाच्या दुकानात "मदत" करू लागलात, ही वेगळी. दुसऱ्या बाबतीत तुम्ही काय कमावता याऐवजी काय कमावू शकता हे धरलं जाईल. अंजू गर्ग प्रकरणात (२०२२) सर्वोच्च न्यायालयानं म्हटलंय की धडधाकट नवऱ्यानं अंगमेहनत करूनही बायको-मुलांना पोसलं पाहिजे. नुसतं "बेकार आहे" म्हणून पोटगी शून्यावर येईल, अशी अपेक्षा करू नये.

सर्वोच्च न्यायालयाच्या रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालानंतर दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि आर्थिक स्थिती बदलली की पुरवणी प्रतिज्ञापत्र देता येतं. कंपनीचं पत्र, फुल अँड फायनलचा हिशेब, बँकेची स्टेटमेंट, जिथे जिथे अर्ज केले त्यांचे मेल, हे सगळं जोडा. सेव्हरन्सची, म्हणजे काढून टाकताना कंपनीनं दिलेल्या भरपाईची रक्कम लपवू नका. चार महिन्यांचा पगार हातात आला असेल तर कोर्ट विचारणारच की त्यातून पोटगी का गेली नाही. गाडीच्या हप्त्याचं कारण तिथे फारसं टिकत नाही. त्याच निकालात असंही आहे की आई पुरेशी कमावती असेल तर मुलांच्या शिक्षणाचा खर्च दोघांत कमाईच्या प्रमाणात वाटता येतो. हा मुद्दा प्रामाणिकपणे मांडायला हरकत नाही.

साठवणीतून भरणं

दोन-तीन महिन्यांत नोकरी लागेल अशी खरी शक्यता असेल, तर हेच करा. मुलाची शाळा, क्लास, काही हलत नाही. मुदत लांबतेय असं दिसताच मात्र अर्ज करा. साठवण संपल्यावर नाही, संपण्याआधी.

मला निवडायचं झालं तर मी पहिल्या महिन्यात पूर्ण रक्कम भरेन, त्याच महिन्यात अर्ज देईन, आणि पुढे निकाल येईपर्यंत जमेल तेवढी रक्कम न चुकता पाठवत राहीन. थोडी का होईना, नियमित आलेली रक्कम मुलाच्या घरात चूल पेटती ठेवते, आणि कोर्टातही तुमची नियत दाखवते. पैसे कमी आले म्हणून मुलाची भेट बंद करायची, किंवा भेट मिळत नाही म्हणून पैसे अडवायचे, या दोन्ही गोष्टी कायद्यातही बसत नाहीत आणि मुलाला तर फारच लागतात.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींसाठी नियम आणखी कडक आहे. १९८६ च्या ब्रॅडली दुरुस्तीमुळे तिथली थकलेली चाइल्ड सपोर्टची, म्हणजे मुलांच्या पोटगीची रक्कम मागे जाऊन माफ करता येत नाही. बदल फार तर अर्जाची सूचना समोरच्याला मिळाली त्या तारखेपासूनच. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल आणि नोकरी गेली तर तिथे राहायला हातात साधारण ६० दिवस असतात. त्यात देश सोडायची वेळ आली तरी अर्ज दाखल करूनच निघा. ब्रिटनमध्ये मुलांची पोटगी ठरवणारी सरकारी यंत्रणा, चाइल्ड मेंटेनन्स सर्व्हिस, उत्पन्न किमान २५ टक्के बदललं तर फेरहिशेब करते, आणि नोकरी जाणं त्यात सहज बसतं. तिथेही लगेच कळवणं महत्त्वाचं.

आता ज्या आईच्या खात्यात रक्कम येणं थांबलंय तिच्यासाठी. त्याची नोकरी खरंच गेली असेल तर संतापून लगेच वॉरंट मागण्यात हाती फारसं लागत नाही. पण वर्षाची मुदत डोळ्यांसमोर ठेवा आणि वसुलीचा अर्ज वेळेत टाका. तो पोटगी कमी करायचा अर्ज घेऊन आला तर त्याचं नवं प्रतिज्ञापत्र मागा, सेव्हरन्सचा आकडा विचारा, आणि कपात द्यायचीच असेल तर ती सहा महिन्यांपुरती असावी, मग पुन्हा तपासावी असा आग्रह धरा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता तिथे मोफत वकील मिळतो, आणि त्यांचं कार्यालय बहुतेक ठिकाणी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असतं.