बर्फातल्या ट्रिपचं बुकिंग करताय? ‘लेव्हल’च्या नावाखाली आम्हाला कसं फसवलं ते वाचा

जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबारच्या ट्रेकिंग ग्रुपांवर बर्फातल्या सहलींच्या जाहिराती पुन्हा फिरायला लागल्या आहेत. त्यातली एक पाहून मला राहवलं नाही. गेल्या मार्चमध्ये त्याच माणसाकडून आम्ही मनालीची स्की टूरिंगची, म्हणजे पायात स्की (बर्फावर घसरायच्या लांब पट्ट्या) घालून डोंगर चढण्या-उतरण्याची ट्रिप घेतली होती. प्रकरण ग्राहक आयोगात आहे म्हणून एजन्सीचं नाव लिहीत नाही. पण पद्धत सांगतो, कारण नाव बदलून हाच धंदा दुसरं कोणीही करू शकतं.

आपल्या खानदेशात डोंगराची हौस कमी नाही. धनत्रयोदशीला अस्तंब्याच्या यात्रेत रात्रभर चालणारी माणसं आपलीच. पावसाळ्यात तोरणमाळ, पाटणादेवी, लळिंग करणारी पोरं गावोगाव आहेत. दम भरपूर असतो, पण बर्फाशी कधी गाठ पडलेली नसते. काय मागायचं, काय तपासायचं हेच कुणी सांगितलेलं नसतं, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

जाहिरातीत तीन लेव्हल होत्या. नवशिक्यांसाठी मनालीजवळच्या सोलंगला स्कीचे धडे, १८ हजार. ट्रेकिंगची सवय असलेल्यांसाठी सोलंगच्या वर असलेल्या बकरथाच या कुरणापर्यंत स्की टूरिंग, २९ हजार. आणि गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केलेल्यांसाठी फ्रेंडशिप पीक या शिखराच्या वाटेवर आणखी वरचा कॅम्प, ४६ हजार. प्रत्येक लेव्हलला वेगळा गाइड, चार जणांमागे एक, असं स्पष्ट लिहिलेलं. माझा पुतण्या पहिल्या लेव्हलला, मी दुसऱ्या, आणि धुळ्याचे आमचे एक डॉक्टर मित्र तिसऱ्या. त्यांनी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत बेसिक कोर्स केलेला आहे. फॉर्ममध्ये वय, आजार, आधीचे ट्रेक सगळं विचारलं होतं. गाइडचं प्रमाणपत्र मागितलं, तर व्हॉट्सअॅपवर लगेच फोटो आला. याहून जास्त सर्वसामान्य माणूस काय विचारणार?

सोलंगला पोचलो तर तिन्ही लेव्हलची माणसं एकाच ठिकाणी उभी, आणि समोर एकच मुलगा. प्रमाणपत्रावरचं नाव त्याचं नव्हतं. स्वभावाने चांगला होता बिचारा. त्याने सरळ सांगितलं की तो पर्यटकांना स्की भाड्याने देतो आणि हाताला धरून उतारावर घसरवतो. दोन दिवसांपूर्वी त्याला फोन आला होता. ठरलेले पैसेही अर्धेच मिळाले होते.

मग स्की आल्या. इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण सगळी फसवणूक त्या एका वस्तूत दिसत होती. स्की टूरिंगमध्ये रोपवे नसतो, स्की पायात घालून स्वतःच डोंगर चढायचा असतो. त्यासाठी टाच मोकळी सुटणारं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड लागते, म्हणजे चालताना टाच उचलता येते आणि उतरताना ती परत लॉक करता येते. स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवतात. तिची लव एकाच दिशेची असते, त्यामुळे स्की पुढे सरकते पण मागे घसरत नाही. आम्हाला जे मिळालं त्यात टाच कायमची जखडलेली. पुतण्याने दोन-चार पावलं टाकून पाहिली आणि म्हणाला, “काका, टाच उचलतच नाही हो.” पोळपाटाला पाय बांधून जिना चढावा तशी त्याची गत झाली होती. स्किनबद्दल विचारलं तर त्या मुलाने नुसती मान हलवली.

जाहिरातीच्या फोटोत प्रत्येकाच्या छातीवर ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा सिग्नल देणारं-पकडणारं छोटं यंत्र होतं, सॅकला फावडं होतं, बर्फात खुपसून शोध घ्यायची लांब काठी म्हणजे प्रोब होता. आमच्यापैकी कुणालाही यातलं काही मिळालं नाही. हिमस्खलन बहुतेक करून ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे स्कीला आवडणारा उतार तोच. गाडला गेलेला माणूस पहिल्या १५ मिनिटांच्या आसपास बाहेर काढला तर वाचण्याची आशा चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने कमी होते. बाहेरची मदत तेवढ्यात पोचत नाही, सोबत्यांनीच शोधून उकरायचं असतं. म्हणून ही तीन साधनं प्रत्येकाकडे लागतात. त्याचे पैसे आमच्याकडून घेतले होते.

तरीही दुसऱ्या दिवशी सगळ्यांना, पहिल्या लेव्हलच्या पोरांसकट, स्की खांद्यावर देऊन बकरथाचला चालवत नेलं. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे आणि बकरथाच साधारण ३,३०० मीटरवर. शरीराला सवय व्हायला मध्ये एक मुक्काम तरी हवा होता. संध्याकाळी चोपड्याच्या एका मुलाचं डोकं ठणकायला लागलं, उलट्या झाल्या, मग चालताना तोल जायला लागला. मालकाला फोन लावला तर उत्तर आलं, “पेनकिलर द्या सर, सकाळी फ्रेश होईल.” डॉक्टरांनी त्या मुलाला टाचेला बोटं लावत सरळ रेषेत चालायला सांगितलं. त्याला चार पावलंही टाकता आली नाहीत. तोल जाणं म्हणजे उंचीचा त्रास मेंदूपर्यंत गेल्याची खूण, आणि त्यावर पहिला इलाज खाली उतरवणं हाच. बॅटरीच्या उजेडात, आमच्याच पाऊलखुणांवरून, डॉक्टर आणि तो स्थानिक मुलगा त्याला आधार देत सोलंगला घेऊन गेले. खाली आल्यावर तो सावरला. पैशांचा राग मला आहेच, पण त्या रात्रीबद्दल मी त्या मालकाला कधीच माफ करणार नाही. आमच्यात डॉक्टर होते म्हणून. नसते तर?

परत आल्यावर पैसे मागितले, तेव्हा दोन उत्तरं मिळाली. एक, “लेव्हल तिथे साइटवर गेल्यावर ठरते.” दुसरं, हवामान खराब असल्यामुळे कार्यक्रम बदलावा लागला आणि अशा वेळी नियमाप्रमाणे पैसे परत मिळत नाहीत. आमच्या फोटोंमध्ये तिन्ही दिवस निळंशार आकाश आहे, तारीख-वेळेसकट. ८० टक्के रक्कम आधी घेतली होती, तीही एजन्सीच्या खात्यावर न घेता एका व्यक्तीच्या यूपीआयवर. पावतीवर जीएसटी क्रमांक नव्हता.

म्हणून आता कोणी विचारलं की मी सांगतो, पैसे भरण्याआधी गाइडशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोला. त्याचं प्रमाणपत्र त्याच्याच हातात पाहा. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली इथल्या संस्थांचा बेसिक कोर्ससुद्धा जवळपास चार आठवड्यांचा असतो, आणि तेवढ्यावर कोणी गाइड होत नाही. भाड्याच्या स्कीच्या बाइंडिंगचा फोटो मागवा. महाराष्ट्रात साहसी पर्यटनाचं धोरण २०२१ मध्ये आलं, त्यात आयोजकाची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी सांगितली आहे. हिमाचलातही पर्यटन खात्याकडे नोंदणी लागते. दोन्ही क्रमांक मागा. आणि नुसती स्की शिकायची असेल तर मनालीची सरकारी संस्था सोलंगला शिकवते, गुलमर्गलाही केंद्र सरकारची संस्था आहे. माझा पुतण्या आता तिथेच अर्ज करतोय.

ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर आधी तक्रार नोंदवा. तिथे निकाल लागला नाही तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्याच जिल्ह्याच्या आयोगात दावा करता येतो, विकणाऱ्याच्या शहरात खेटे घालावे लागत नाहीत. मोबदला म्हणून दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. आम्ही सगळ्यांनी मिळून कागद जोडले, त्यात तीन लेव्हलच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि त्या जखडलेल्या बाइंडिंगचा फोटो सगळ्यात वर ठेवला आहे. मालकाने ती जाहिरात नंतर काढून टाकली. तुमच्याकडे जुनी असेल तर ती डिलीट करू नका, आम्हाला पाठवा.