किट की जुनं सामान? 9 महिने दोन्ही करून बघितलं, त्याचा हिशोब

आधीच सांगते, मी कलाकार वगैरे नाही. शाळेत शिवणाच्या तासाला माझा रुमाल दोनदा उसवून परत हातात दिला होता, तेव्हापासून सुईदोऱ्याशी संबंध फक्त तुटलेल्या बटणापुरता. 9 महिन्यांपूर्वी रात्री मोबाईल जरा कमी बघावा म्हणून एक भरतकामाचं किट मागवलं आणि मग ते वाढतच गेलं. आत्तापर्यंत 7 किट झाली, त्यातली 4 पूर्ण, 2 अर्धवट, 1 सरळ देऊन टाकलं. आणि मधल्या काळात जुन्या वस्तूंच्या दुकानांतून, नातेवाईकांच्या माळ्यावरून, कोणी घर आवरताना "हे घेऊन जा बाई" म्हणून दिलेलं असं इतकं सामान गोळा केलंय की एका कपाटाचा खालचा खण आता माझा राहिला नाही, चिंध्यांचा झालाय.

"स्वस्तात हस्तकला" हे शब्द वाचून मी यात पडले, तर स्वस्त पडतं का? पडतं, पण मला वाटलं होतं तसं नाही.

पहिलं किट साधं भरतकामाचं. गोल लाकडी रिंग, छापलेलं कापड, दोऱ्याच्या लडी, दोन सुया आणि कागदावर टाक्यांची चित्रं. खरं सांगते, सामान सुमारच होतं. रिंग एवढी गुळगुळीत की कापड घट्ट बसेचना, दर दहा मिनिटांनी ओढून घ्यायचं. नंतर कळलं की आतल्या रिंगला सुती पट्टी गुंडाळली की कापड सरकत नाही, जुन्या चादरीची फाडलेली पट्टी पण चालते, मी तीच लावली आणि ती रिंग अजून वापरते. दोरा सहापदरी असतो आणि त्यातले एक-दोन-तीन पदर काढून वापरायचे असतात हे त्या कागदावर कुठेच नव्हतं! मी पहिलं अख्खं पान सहाच्या सहा पदरांनी भरलं, पान कसलं, सुरवंट दिसत होता. पदर काढताना पण एकेक करून वर ओढायचा, दोन एकदम ओढले की खाली गुंता होतो. आणि दोरा बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत एवढाच कापायचा, लांब घेतला की सारखी सुई ओवायला नको असं वाटतं पण तो कापडातून जाऊन जाऊन झिजतो, पिसारतो, आणि गाठी बसतात त्या वेगळ्या.

तरी ते किट मी पूर्ण केलं. आणि हे माझ्या लक्षात फार उशिरा आलं, की पूर्ण झालं कारण त्यात मला काहीच ठरवायचं नव्हतं. कुठला रंग, कुठला टाका, किती मोठं, सगळं दुसऱ्या कोणीतरी ठरवून दिलेलं. किटचे पैसे आपण कापडा-दोऱ्याचे देतो असं वाटतं, खरं तर ते ठरवण्याचा त्रास वाचल्याचे असतात.

दुसरं किट पंच नीडलचं, तेच देऊन टाकलेलं. पंच नीडलमध्ये गाठ वगैरे काही नसते, जाड पोकळ सुईने लोकर कापडात खुपसत जायची आणि मागे फास तयार होतात, ते फास कापडाच्या विणीनेच धरून ठेवलेले असतात. म्हणजे कापड सैल विणीचं पण दमदार पाहिजे, सुई गेली की भोक उघडायला हवं आणि सुई निघाली की परत मिटायला हवं. मला किटमध्ये आलं होतं साधं पातळ सुती कापड. तीन संध्याकाळी मी रडकुंडीला आले, एक ओळ भरायची आणि दुसरी भरताना पहिली सुटायची, मला वाटलं माझाच हात वाईट. मग कोणीतरी सांगितलं म्हणून एका जुन्या जाड, खरबरीत पडद्याच्या तुकड्यावर तीच सुई, तीच लोकर वापरून बघितली आणि काय सांगू, पहिल्या पाच मिनिटांत जमलं. त्या दिवशी मला राग आला होता खरंच. नवशिक्या माणूस स्वस्त किटमुळे "मला जमत नाही" म्हणून कायमचा सोडून देतो, त्याचं काय?

क्रोशाच्या किटची वेगळीच गंमत. छोटं अस्वल करायचं होतं. नमुन्यात लिहिलेलं "डबल क्रोशे", मी व्हिडिओ बघून डबल क्रोशे म्हणजे आपला साधा खांब तो घातला, आणि अस्वलाचं डोकं जाळीदार झालं, आतला कापूस बाहेर डोकावतोय. दोन दिवस डोकं खाल्ल्यावर कळलं की ब्रिटिश पद्धतीत ज्याला डबल म्हणतात त्यालाच अमेरिकन पद्धतीत सिंगल म्हणतात, म्हणजे मला मुके खांब, आखूड आणि दाट बसणारे टाके, घालायचे होते! नमुना कुठल्या पद्धतीचा आहे हे छापलेलंच नव्हतं. तेव्हा क्रोशाचा कुठलाही नमुना हातात आला तर आधी हे बघा. त्यात सिंगल क्रोशे असा शब्द आला असेल तर तो अमेरिकन, ब्रिटिशमध्ये तो शब्द वापरतच नाहीत. अजून एक, पहिल्यांदा करणाऱ्याने काळी लोकर घेऊ नये, टाके दिसतच नाहीत, बोटाने चाचपडत बसावं लागतं. आणि खेळणं लहान बाळासाठी असेल तर प्लास्टिकचे डोळे न लावता दोऱ्याने भरा, निघाले तर तोंडात जातात.

डायमंड पेंटिंग पण केलं, बहिणीने दिलेलं. छान वेळ जातो, डोकं शांत होतं, पण त्यातून शिकायला मिळत नाही असं माझं मत. चिकट कापडावर आकडे बघून 2.5 मिलिमीटरचे चौकोनी खडे चिकटवत जायचे, झालं. शिवाय एक रंग शेवटी कमी पडला. त्यात एक कामाची गोष्ट सापडली मात्र, बऱ्याच किटमध्ये रंगांना डीएमसी या कंपनीच्या भरतकामाच्या दोऱ्याचेच नंबर वापरतात, 310 म्हणजे काळा वगैरे, त्यामुळे कुठला रंग संपला ते नेमकं सांगता येतं. पुन्हा घेणार नाही पण.

आता जुन्या सामानाकडे येते, कारण खरी मजा आणि खरी डोकेदुखी तिकडेच आहे.

माझी सगळ्यात मोठी कमाई म्हणजे जुने स्वेटर. लोकरीच्या नव्या लडी घ्यायच्या तर खिसा रिकामा होतो, आणि एका मोठ्या स्वेटरमधून ढीगभर लोकर निघते. पण कुठलाही स्वेटर उचलू नका, मी उचलला आणि पस्तावले. उलटा करून आतली शिवण बघायची. दोन्ही कडा अखंड आहेत आणि मधून साध्या साखळीने जोडल्यात असं दिसलं तर घ्या, टोक सापडलं की ती साखळी सर्रकन उसवते. कडा कापून मशीनने ओव्हरलॉक केलेल्या असतील तर परत ठेवून द्या, कारण तिथे प्रत्येक ओळ कापलेली असते आणि तुमच्या हातात लोकर न येता हातभर लांबीचे तुकडे येतात, शेकडो. माझ्या पहिल्या स्वेटरचे ते तुकडे आता अस्वलांच्या पोटात आहेत. उसवायचं पण बहुतेक वेळा वरून खाली, गळ्याकडून, कारण स्वेटरचे भाग खालून वर विणत गेलेले असतात, खालून सुरू केलं तर अडकत राहतं. निघालेली लोकर नूडल्ससारखी वळलेली असते, ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून चार ठिकाणी सैल बांधायची, कोमट पाण्यात भिजवून न पिळता टांगायची, सुकली की सरळ होते. अस्सल लोकर सरळ होते म्हणजे, ॲक्रिलिकचा वळ पूर्ण जाईलच असं नाही.

कशाची आहे हे ओळखायला मी छोटा तुकडा चिमट्यात धरून जाळून बघते (बेसिनवर, पाणी शेजारी ठेवून, पडद्याजवळ नाही). केस जळल्याचा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर लोकर. कागदासारखा वास आणि मऊ करडी राख असेल तर सुती. वितळून कडक मणी झाला तर ॲक्रिलिक किंवा पॉलिस्टर. हे कळणं का महत्त्वाचं, तर लोकरीचा स्वेटर गरम पाण्यात मशीनमध्ये टाकला की तो आटतो, घट्ट होतो, नमद्यासारखा, मग कापला तरी कडेचे धागे निघत नाहीत. मी एकाची उशीची खोळ आणि पेल्यांखाली ठेवायच्या चकत्या केल्या, कडा दुमडायची पण गरज पडली नाही. ॲक्रिलिकचा केला असता तर नुसताच धुतलेला स्वेटर झाला असता.

कसरीची भीती असतेच जुन्या लोकरीत. एकदा छोटी भोकं दिसली तरी दुर्लक्ष करून घरी आणला, आणि मग दोन आठवडे पिशवीत सीलबंद करून फ्रीझरमध्ये ठेवला, उणे 18 अंशावर. घरच्यांनी फ्रीझर उघडला की स्वेटर बघून जे काही ऐकवलं ते इथे लिहीत नाही. आता भोकं दिसली की घेतच नाही.

जुना दोरा म्हणजे मोह. लाकडी रिळं, सुंदर रंग, घ्यावेसे वाटतात. पण सुती दोरा वर्षानुवर्षं पडून कुजतो. हातभर ओढून दोन्ही हातांनी झटका द्यायचा, पटकन तुटला तर तो फक्त बरणीत ठेवून बघण्यासाठी आहे. मी एका पिशवीला असा दोरा वापरला, पहिल्याच दिवशी बंद तुटला आणि आतलं सगळं रस्त्यावर. बटणं मात्र डोळे झाकून घेते, आणि जुन्या शर्टांचीच काढते, सहा-आठ एकसारखी मिळतात. चादरी तर सोनं. शंभरदा धुतलेली सुती चादर भरतकामाला इतकी मऊ लागते, आणि ती आटायची तेवढी आटून झालेली असते.

कापडावर नक्षी उमटवायला जे पाण्याने जाणारं निळं पेन मिळतं ते चांगलंय, फक्त धुण्याआधी इस्त्री मारू नका. मी मारली. निळ्या रेषा पक्क्या झाल्या, त्या फुलांच्या आजूबाजूला कायमच्या आहेत, आता विचारलं तर सावली आहे म्हणते. हॉट ग्लू, म्हणजे गरम करून लावायचा गोंद, त्याचं पण तसंच, पटकन होतं म्हणून सगळीकडे लावत सुटले होते, काचेच्या बरणीवर लावलेली लेस खिडकीतल्या उन्हात एका दुपारी अलगद खाली आली. कापडाला सुईदोराच बरा.

तर हिशोब. नुसत्या सामानाचे पैसे धरले तर जुनं सामान कितीतरी स्वस्त. पण पूर्ण झालेल्या वस्तूंवर भागलं, तर पहिले पाच महिने माझं जुनं सामान किटपेक्षा महाग पडत होतं, कारण त्यातून काहीच पूर्ण झालं नव्हतं! नुसतं आणायचं, धुवायचं, रंगाप्रमाणे लावायचं, आणि "यातून काहीतरी करू" म्हणून ठेवायचं. कपाट भरलं, वस्तू शून्य. किटमधून तोवर तीन गोष्टी भिंतीवर लागलेल्या.

मग मी एक केलं. सुट्टीच्या दिवशी बसून जुन्या सामानातून स्वतःच किट बांधायला लागले. झिपच्या एका पाऊचमध्ये कापड मापाने कापून, नक्षी काढून, तीनच रंगांचे दोरे मोजून, सुई त्यातच टोचून, आणि चिठ्ठीवर कुठे कुठला टाका ते. ठरवायचं सगळं त्या दिवशीच ठरवून टाकायचं. मग रात्री दमून आले की पाऊच उघडायचा आणि मुकाट टाके घालायचे. माप काढायला फार अक्कल लागत नाही, क्रॉस स्टिचचं 14 काउंटचं कापड म्हणजे इंचाला 14 घरं, 70 टाक्यांचं चित्र म्हणजे 5 इंच, बाजूला दोन-दोन इंच सोडायचे. गेल्या चार महिन्यांत असे 9 पाऊच बांधले, 7 पूर्ण झाले.

मग विकतची किट घ्यावीत का? नवीन प्रकार शिकायचा असेल तर एक घ्या, आणि त्यात टाक्यांची मोठी स्पष्ट चित्रं आहेत का, कापड कुठलं आहे ते लिहिलंय का, एवढं बघून घ्या, सामान किती प्रकारचं दिलंय त्यावर जाऊ नका. पन्नास रंगांचे दोरे देणारं एक किट माझ्याकडे आहे, त्यातला लाल पहिल्या धुण्यात सगळीकडे पसरला. तोच प्रकार दुसऱ्यांदा करायला मात्र किट घेऊ नका, तोवर तुम्हाला काय लागतं ते कळलेलं असतं. आणि जुनं सामान आणताना मी आता एकच नियम पाळते, कुठल्या पाऊचसाठी हे मनात ठरलं असेल तरच उचलायचं. पाळते म्हणजे, बटणं सोडून.

सध्या करड्या रंगाचा एक स्वेटर उसवतेय, शिवण साखळीची आहे, बघून घेतलाय. एक बाही झाली, दुसरी खुर्चीवर पडलीये आणि मांजर तिच्यावर झोपलंय, त्यामुळे काम थांबलंय.