फेरोलहून निघावे की आ कोरुन्याहून? समुद्राकडून सान्तियागोला जाणाऱ्या दोन वाटांचा तुलनात्मक आढावा

ठाण्याहून शिर्डीला पायी जाणाऱ्या किंवा सुट्टी मिळेल तसे वारीतले दोन-तीन टप्पे चालून येणाऱ्या माझ्या परिचयातील काही जणांना आता स्पेनमधील सान्तियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्राची ओढ लागली आहे. येशूचा शिष्य संत याकोब याची समाधी म्हणून हजार वर्षांहून अधिक काळ ख्रिस्ती भाविक जिथे चालत येतात, त्या या नगरीकडे जाणाऱ्या वाटा पुष्कळ आहेत. परंतु नोकरीतून आठ-दहा दिवसांपेक्षा जास्त रजा काढणे ज्यांना शक्य नाही, त्यांच्यासाठी ‘इंग्लिश मार्ग’ ही वाट विशेष सोयीची आहे. इंग्लंड, आयर्लंड आणि उत्तर युरोपातून जहाजाने वायव्य स्पेनमधील गालिसिया प्रांताच्या किनाऱ्यावर उतरून तेथून पायी आत जाणाऱ्या यात्रेकरूंची ही वाट असून तिचे दोन आरंभ आहेत. एक फेरोल, दुसरा आ कोरुन्या. ओस्पिताल दे ब्रूमा या लहानशा वस्तीत दोन्ही वाटा एकत्र येतात आणि पुढचे सुमारे ४० किलोमीटर सर्वांना सारखेच आहेत. त्यामुळे निर्णय करायचा आहे तो ब्रूमापूर्वीच्या भागाचा.

फेरोलहून सान्तियागो सुमारे ११५ ते १२० किलोमीटर आहे, तर आ कोरुन्याहून सुमारे ७५ किलोमीटर. हा फरक केवळ दोन-तीन दिवसांच्या चालीचा वाटला, तरी त्याला एक महत्त्वाचा नियम जोडलेला आहे. पायी यात्रा पूर्ण केल्याबद्दल सान्तियागोचे कॅथेड्रल ‘कोम्पोस्तेला’ नावाचे लॅटिन प्रमाणपत्र देते आणि त्यासाठी किमान १०० किलोमीटर चाललेले असणे आवश्यक असते. फेरोलची वाट या अटीत बसते, आ कोरुन्याची बसत नाही. २०१६च्या अखेरीस कॅथेड्रलने अशी सवलत दिली की ज्याने आपल्या देशात २५ किलोमीटर यात्रामार्गावर चालल्याचा पुरावा आणला असेल, त्याला आ कोरुन्याहून निघूनही प्रमाणपत्र मिळावे. आयर्लंडसारख्या देशात याची व्यवस्था उभी राहिली. ठाण्यातील माणसाला मात्र असा ग्राह्य पुरावा जमवणे व्यवहारात जवळजवळ अशक्य आहे. हे नियम अधूनमधून बदलत असल्यामुळे तिकिटे काढण्यापूर्वी सान्तियागोच्या यात्रेकरू कार्यालयाचे संकेतस्थळ अवश्य पाहावे. प्रमाणपत्र फक्त ख्रिस्ती माणसालाच मिळते, असा समज आपल्याकडे आढळतो, पण तो बरोबर नाही. यात्रेमागचा हेतू धार्मिक किंवा आध्यात्मिक असल्याचे सांगितले की पुरते.

येथे एक गोष्ट मला मनापासून खटकते. १०० किलोमीटरची अट आधुनिक काळातील आहे, मध्ययुगात तिला काही अर्थ नव्हता. आणि इतिहासाचे पारडे पाहिले तर ते आ कोरुन्याच्या बाजूला झुकते. विल्यम वे हा इंग्लिश धर्मगुरू १४५६ मध्ये प्लिमथहून जहाजाने येथे उतरला, तेव्हा बंदरात ऐंशीहून अधिक जहाजे उभी असल्याची आणि त्यांपैकी ३२ इंग्लिश असल्याची नोंद त्याने करून ठेवली आहे. शहराच्या जुन्या भागातील संत याकोबाचे बाराव्या शतकातले चर्च, जेथून आजही चालायला सुरुवात करतात, ते त्याच वर्दळीचे साक्षीदार आहे. पुढे सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीने रोमशी संबंध तोडल्यावर इंग्लंडमधून येणारा हा ओघ आटला. म्हणजे ज्याला ऐतिहासिक वाट शक्य तितकी जशीच्या तशी चालायची आहे, त्याने आ कोरुन्या निवडले तर त्याला प्रमाणपत्र मिळणार नाही, पण इतिहास त्याच्या बाजूचा असेल. ज्यांना कागदाची आस नाही त्यांनी ही निवड निःशंकपणे करावी. रोमन काळातील आणि आजही दिवा लावला जाणारा हर्क्युलिसचा दीपस्तंभ पाहण्यासाठी मात्र निघण्यापूर्वी एक दिवस शहरात राखून ठेवावा. २००९ मध्ये तो जागतिक वारसा यादीत आला.

तरीही चालण्याचा अनुभव म्हणून पाहिले तर माझा कल स्पष्टपणे फेरोलकडे आहे. आ कोरुन्याहून निघाल्यावर ओ बुर्गोच्या खाडीची सोबत काही तासच मिळते. त्यानंतर उपनगरे, विमानतळाचा परिसर आणि डांबरी रस्ते पार करत वाट आत वळते. ब्रूमा तेथून सुमारे ३३ किलोमीटर आहे आणि सर्वांत कठीण चढ नेमका शेवटी, पाय थकल्यावर येतो. एका दिवसात हे अंतर कापण्याचा अट्टहास नवख्याने करू नये. सुमारे वीस किलोमीटरवर सेर्गुदे येथे यात्रेकरूंची धर्मशाळा आहे, तेथे मुक्काम करून चढ दुसऱ्या दिवशी सकाळी घ्यावा.

फेरोलची वाट याच्या उलट स्वभावाची आहे. जुन्या धक्क्यावरून निघालेला माणूस पहिला दिवस खाडीच्या काठाकाठानेच चालतो, आणि ठाण्याच्या माणसाला ओहोटीनंतरचा तो चिखल, त्यावर उतरणारे पक्षी आणि खाऱ्या वाऱ्याचा वास परका वाटत नाही. नेदा गावापर्यंतचे पंधरा किलोमीटर जवळजवळ सपाट आहेत, त्यामुळे बूट, पाठपिशवी आणि गुडघे यांची चाचणी फारसा त्रास न होता होऊन जाते. दुसऱ्या दिवशी एउमे नदीवरचा लांब दगडी पूल ओलांडून पोंतेदेउमे गावात शिरताच चढ सुरू होतो. अरुंद गल्लीतून सरळ टेकडीवर जाणारा हा चढ लहान असला तरी दम काढणारा आहे. मूळ पूल चौदाव्या शतकात बांधवून घेणारा आंद्रादे घराण्याचा सरदार पुढच्या मुक्कामाच्या गावी, बेतान्सोसला, सान फ्रान्सिस्को चर्चमध्ये चिरनिद्रा घेत आहे. त्याची दगडी शवपेटी एका अस्वलाच्या आणि एका रानडुकराच्या पाठीवर पेललेली आहे. रानडुक्कर हे त्या घराण्याचे चिन्ह होते. घाईघाईने मुक्काम गाठणारे बरेच जण हे चर्च न पाहता पुढे जातात. तसे करू नये, अर्धा तास काढावाच.

बेतान्सोसपर्यंत समुद्राचे पाणी या ना त्या खाडीच्या रूपाने पुन्हा पुन्हा दिसत राहते. त्यानंतर मात्र सुमारे पंचवीस किलोमीटरचा टप्पा चढत चढत ब्रूमाला नेतो, आणि किनारा मागे पडून निलगिरीची वने, मक्याची शेते व दगडी कोठारे यांचा प्रदेश सुरू होतो. समुद्राकडून आत जाण्याचा हा बदल पायांनी सावकाश अनुभवता येणे, हे मला या वाटेचे खरे मोल वाटते, आणि आ कोरुन्याच्या वाटेवर ते फार लवकर हातून निसटते. दोन्ही वाटांवर मैलाच्या दगडांवर पिवळा बाण, शिंपल्याची खूण आणि सान्तियागोपर्यंतचे उरलेले अंतर दशांशानंतर तीन आकड्यांपर्यंत कोरलेले असते, त्यामुळे चुकण्याची भीती जवळजवळ नाही.

तयारीच्या बाबतीत दोन्हीकडे एकच पथ्य आहे. वाटेचा मोठा भाग डांबरी किंवा सिमेंटचा असल्याने जड ट्रेकिंग बुटांपेक्षा चांगल्या तळव्याचे चालण्याचे बूट बरे. ठाण्यालगतच्या येऊरचा चढ पाच-सहा किलोची पिशवी पाठीवर घेऊन सलग तीन दिवस, रोज वीस किलोमीटर होतील अशा बेताने चालून पाहिल्यास आपली ताकद नेमकी कळते; आठवड्यातून एकदाच केलेली मोठी चाल ती सांगत नाही. शिर्डीच्या पदयात्रेत मागून येणारी गाडी सामान वाहते आणि ठिकठिकाणी जेवणाची सोय असते, येथे मात्र पिशवी स्वतः वाहावी लागते किंवा पैसे देऊन पुढच्या मुक्कामी पाठवावी लागते. शाकाहारी मंडळींनी विशेष विचार करावा. गालिसियाच्या प्रसिद्ध पालेभाजीच्या सूपमध्येही सहसा डुकराचे मांस असते, आणि बेतान्सोसचा नावाजलेला बटाट्याचा तोर्तिया अंड्याचा असतो. पाव, चीज, तळलेल्या हिरव्या मिरच्या आणि फळे यांवर निभावते. सरकारी धर्मशाळांत स्वयंपाकघर असले तरी भांडी बहुधा नसतात. घरून मेतकूट, भाजके पोहे, चटण्या न्याव्यात, पण तूप आणि पेढे नेऊ नयेत, कारण युरोपीय संघात प्रवाशांना भारतातून दुग्धजन्य पदार्थ आणण्यास मनाई आहे.

खर्चाच्या दृष्टीने फेरोलचे दोन-तीन जादा मुक्काम एकूण प्रवासखर्चापुढे किरकोळ आहेत, कारण खरा खर्च विमानभाड्याचा आणि व्हिसाचा आहे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय विमाकवच लागते. माद्रिदहून आ कोरुन्यापर्यंत वेगवान रेल्वे आहे. तेथून फेरोलला बसने तासाभरात पोहोचता येते, म्हणजे पोहोचण्याची अडचण हे फेरोल टाळण्याचे कारण होऊ शकत नाही. ज्याच्याकडे चालण्यासाठी चारच दिवस आहेत, ज्याचे गुडघे सहा दिवसांची सलग चाल झेपवणार नाहीत, किंवा ज्याला प्रमाणपत्रापेक्षा मध्ययुगीन बंदराचे आकर्षण अधिक आहे, त्याने आ कोरुन्याहून निघावे. बाकी सर्वांना, आणि पहिल्यांदा जाणाऱ्याला तर आग्रहाने, मी फेरोलच सुचवीन. प्रमाणपत्र हवे असल्यास यात्रेकरूच्या पुस्तिकेवर रोज किमान दोन शिक्के घेण्यास विसरू नये.

हंगाम निवडताना आपल्या पावसाचे गणित उलटे करावे. गालिसियात ऑक्टोबरपासून हिवाळाभर जोराचा पाऊस असतो आणि तो थंड असतो, तर मे, जून आणि सप्टेंबर हे महिने चालण्यास सर्वांत सुखाचे. २५ जुलै हा संत याकोबाचा सण ज्या वर्षी रविवारी येतो ते पवित्र वर्ष मानतात. पुढचे पवित्र वर्ष २०२७ आहे आणि त्या वर्षी सर्वच वाटांवर गर्दी वाढेल. दोन्ही वाटांचे यात्रेकरू ब्रूमात एकत्र येतात आणि तेथील सरकारी धर्मशाळेत खाटा मोजक्याच आहेत, म्हणून आरंभ कोठूनही केला तरी त्या एका रात्रीचा पर्यायी निवारा आधीच ठरवून ठेवावा.