पायएलएचई: टक्करींच्या फाइलीतून तक्ता काढणारे साधन

दारव्हा तालुक्यात राहून पदव्युत्तर विद्यार्थ्यांचे कणभौतिकीचे प्रकल्प पाहताना मला जी साधने वापरावी लागली, त्यांपैकी पायएलएचई या पायथन लायब्ररीविषयी सविस्तर लिहावेसे वाटते. ती विनामूल्य आहे, तिची अपाची परवान्याखालील संहिता सर्वांना खुली आहे, आणि मॅडग्राफसारख्या प्रणालीने सिम्युलेशन करून दिलेल्या टक्करींच्या फाइली वाचणे हे तिचे मुख्य काम आहे.

या फाइलींचा साचा 2006 साली ठरला आणि त्याला फ्रेंच आल्प्समधील ले झूश या खेड्याचे नाव मिळाले, कारण तेथे भरणाऱ्या कार्यशाळांतून हा करार आकाराला आला. (डोंगरातल्या एका खेड्याचे नाव जगभरच्या संगणकांवर रोज उमटते, याचे आमच्या वर्गात फार कौतुक झाले.) फाइल साधी मजकुराची असते, त्यामुळे ती नोटपॅडमध्येही उघडता येते. प्रत्येक टक्कर, म्हणजे प्रत्येक ‘घटना’, स्वतंत्र चौकटीत असते. तिच्या पहिल्या ओळीत कणांची संख्या, घटनेचे वजन (हिशेबात तिला द्यायचे महत्त्व) आणि ऊर्जेचे प्रमाण इत्यादी दिलेले असते, आणि पुढे प्रत्येक कणासाठी 13 रकान्यांची एक ओळ येते: कणाचा प्रकार सांगणारा क्रमांक, त्याची स्थिती, त्याचे जनक, रंगरेषा, संवेगाचे तीन घटक, ऊर्जा, वस्तुमान, आयुर्मान आणि फिरकी. म्यूऑनचा (इलेक्ट्रॉनच्या जड भावंडाचा) क्रमांक 13, प्रतिम्यूऑनचा उणे 13, झेड बोसॉनचा (क्षीण बल वाहणाऱ्या कणाचा) 23. स्थितीच्या रकान्यात उणे 1 म्हणजे आत येणारा कण, 1 म्हणजे बाहेर पडणारा आणि 2 म्हणजे मधल्या मध्ये निर्माण होऊन विघटित झालेला.

अडचण अशी की सगळ्या घटनांत ओळींची संख्या सारखी नसते. बाजार समितीत सोयाबीनच्या काटापट्ट्या एकत्र करताना कुणाची चार पोती असतात, कुणाची पाच, आणि एकाच मापाचे रकाने आखले तर हिशेब फसतो. येथेही तसेच होते. पायएलएचईचे ‘टू ऑकवर्ड’ हे फंक्शन अशा असमान लांबीच्या याद्या जशाच्या तशा सांभाळते, आणि प्रत्येक कणाचा चतुःसदिश (ऊर्जा आणि संवेगाचे तीन घटक एकत्र) तयार देते. दोन म्यूऑनांचे सदिश बेरजेला घेऊन त्यांचे एकत्रित वस्तुमान मागितले की उत्तर एका ओळीत मिळते. पांडास ही तक्त्यांची लायब्ररी वेगळी बसवून घेतल्यास यादीचे रूपांतर घटना आणि ओळ अशा दुहेरी अनुक्रमांकाच्या तक्त्यात होते, जो सीएसव्ही करून कुणालाही देता येतो. दाबलेली जीझेड फाइल आधी उघडून ठेवण्याचीही गरज पडत नाही.

तरीही माझा आग्रह असा राहील की पहिल्या आठवड्यात हे साधन विद्यार्थ्याच्या हाती देऊ नये. आमच्या एका विद्यार्थ्याने दोन प्रोटॉनांपासून म्यूऑनची जोडी तयार होण्याच्या 10,000 घटना निर्माण केल्या (मॅडग्राफमध्ये मुळात हीच संख्या भरलेली असते) आणि क्रमांक 23 असलेल्या ओळी गाळून घेऊन झेडच्या वस्तुमानांचा तक्ता केला. शिखर 91 जीईव्हीजवळ (जीईव्ही हे कणांची ऊर्जा व वस्तुमान मोजण्याचे एकक) अगदी नेटके आले, मात्र ओळी 10,000 पेक्षा बऱ्याच कमी भरल्या. दोष साधनाचा नव्हता. जोडीचे वस्तुमान झेडच्या वस्तुमानापासून त्याच्या रुंदीच्या (शिखराच्या नैसर्गिक पसरटपणाच्या) 15 पटींहून अधिक दूर गेले, म्हणजे साधारण 55 ते 128 जीईव्हीच्या बाहेर पडले, की मॅडग्राफ मधल्या झेडची ओळ लिहीतच नाही. अशा घटनेत पाचऐवजी चारच ओळी राहतात. शिखराच्या दोन्ही बाजूंच्या शेपट्या, ज्यांत फोटॉनाचा वाटा दिसतो, तक्त्यातून अशा गुपचूप नाहीशा होतात. दुसऱ्या विद्यार्थिनीने शेवटच्या दोन ओळी म्हणजे म्यूऑन असे धरले होते. ते तिच्या पहिल्या फाइलीत खरे ठरले, आणि एक जेट (क्वार्क किंवा ग्लुऑनपासून निघणारा कणांचा झोत) वाढवलेल्या दुसऱ्या फाइलीत शेवटची ओळ जेटची निघाल्याने शिखर पार विस्कटले. स्थिती 1 आणि क्रमांक 13 किंवा उणे 13 अशी दुहेरी चाळणी लावल्यावर दोघांचेही तक्ते जुळले. लायब्ररी यातल्या कशाचीही सूचना देत नाही, आणि द्यावी अशी अपेक्षाही योग्य नाही.

आमच्या भागातील व्यवहार्य बाबींविषयी थोडेसे. नेट दुपारी मंदावते, म्हणून पिप या पायथनची पॅकेजे बसवणाऱ्या साधनाने सर्व पॅकेजे एकदाच उतरवून पेन ड्राइव्हवर ठेवली आणि सर्वांच्या लॅपटॉपवर त्यावरून बसवली. नमपाय ही आकडेमोडीची लायब्ररी आणि पांडास सोडल्यास फार जड काही नाही. चार जीबी स्मृतीच्या जुन्या यंत्रावर मोठी फाइल एकदम ‘टू ऑकवर्ड’मध्ये घेऊ नये, घटनागणिक वाचत जावे, वेळ लागतो, पण यंत्र गोठत नाही. घटनेचे चित्र काढण्याची सोय मोहक आहे, मात्र त्यासाठी ग्राफव्हिझ हा प्रोग्राम संगणकावर वेगळा बसवावा लागतो, ही बाब आम्हाला त्रुटीचा संदेश पडद्यावर आल्यानंतर कळली.

पायथियाने कणांचा वर्षाव आणि डेल्फेसने शोधकाचे अनुकरण केल्यावर जी रूट (कणभौतिकीतील विदा साठवण्याची व तपासण्याची प्रणाली) फाइल मिळते, तिच्यासाठी पायएलएचईचा उपयोग नाही. तेथे अपरूट ही पायथन लायब्ररी घ्यावी, जी रूट प्रणाली न बसवताही त्या फाइली वाचते. वजनाचा रकाना मात्र दोन्हीकडे तक्त्यात ठेवावाच, कारण वरच्या क्रमाच्या (अधिक अचूक) गणितात काही घटनांची वजने ऋण असतात आणि नुसत्या ओळी मोजल्या तर आलेख चुकतो. यंदाच्या तुकडीला मी आधी फाइलीतील तीन घटना कागदावर उतरवून, म्यूऑन जोडीचे वस्तुमान कॅल्क्युलेटरवर काढायला लावले, आणि लायब्ररीचे नाव त्यांना पुढच्या सोमवारी सांगितले.