उकल-तक्ता हाताने लिहावा की स्क्रिप्टकडून काढून घ्यावा?

डिसअसेम्बलर, म्हणजे यंत्राच्या बायनरीतून माणसाला वाचता येणारी असेम्ब्ली परत काढून देणारा प्रोग्राम, स्वतः लिहायचा असे ठरले की लवकरच एका प्रश्नापाशी थांबावे लागते. कोणत्या बिटांची कोणती इन्स्ट्रक्शन होते हे सांगणारा उकल-तक्ता हाताने लिहावा, एलएलव्हीएम या कंपायलर-संचातील टेबलजेनसारख्या मोठ्या यंत्रणेकडून काढून घ्यावा, की दुसऱ्या प्रोसेसरची नक्कल करणाऱ्या क्यूएमू या एम्युलेटरच्या डीकोडट्री या पायथन स्क्रिप्टसारख्या लहान साधनावर सोपवावा? या तिन्ही वाटांनी मी कमी-अधिक अंतर चाललो आहे. पुढे लिहिले आहे ते मोजमाप नसून अनुभव आहे, आणि तो मुख्यतः रिस्क-फाइव्ह या प्रोसेसर-रचनेच्या १६ बिटी संक्षिप्त इन्स्ट्रक्शन्सपुरता आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

रत्नागिरीत १ जून ते ३१ जुलै या मासेमारीबंदीच्या काळात मिरकरवाड्याच्या बोटी धक्क्याला लागतात आणि वर्षभर पुढे ढकललेली दुरुस्ती तेव्हाच निघते. अशाच एका पावसाळ्यात एका तांडेलाने बोटीतले पाणी उपसणाऱ्या पंपाचा बोर्ड माझ्याकडे आणून दिला. पंप मध्येच बंद पडत होता, मूळ प्रोग्राम कोणाकडेच उरला नव्हता आणि चिपमधून वाचून काढलेली बायनरी तेवढी हाती होती. खरे तर ऑब्जडम्प या तयार डिसअसेम्बलरवर काम भागायला हवे होते. परंतु चिपच्या निर्मात्याने बाइट वाचण्या-लिहिण्याच्या स्वतःच्या १६ बिटी इन्स्ट्रक्शन्स घातल्या होत्या, आणि त्याही अशा जागी, जी मूळ मानकात डबल-प्रिसिजन फ्लोटिंग पॉइंटच्या सी.एफएलडी आणि सी.एफएसडी यांना दिलेली आहे. माझ्याकडच्या ऑब्जडम्पला या इन्स्ट्रक्शन्स ठाऊक नव्हत्या. म्हणून स्वतःचा डिसअसेम्बलर लिहिणे आले.

हाताने लिहिलेल्या तक्त्याची बाजू मी मुद्दाम आधी मांडतो, कारण तिला उगाचच कमी लेखले जाते. ८०५१ या जुन्या ८ बिटी मायक्रोकंट्रोलरसाठी तर मी दुसरे काहीच सुचवणार नाही: पहिल्या बाइटच्या २५६ मूल्यांपैकी हेक्समधले ए५ एवढे एकच रिकामे आहे, बाकी २५५ ओळी एका निवांत दुपारी लिहून होतात आणि पुढे आयुष्यभर बदलाव्या लागत नाहीत. जिथे पहिल्या बाइटवरून निकाल लागत नाही, तिथे प्रत्येक ओळीला एक मास्क (कोणते बिट तपासायचे ते सांगणारी संख्या) आणि एक अपेक्षित मूल्य द्यायचे, आलेला शब्द मास्कने गाळायचा आणि जुळणारी पहिली ओळ घ्यायची, ही जुनी रीत आहे. बिनयुटिल्स या साधनसंचातील एव्हीआर मायक्रोकंट्रोलरचा तक्ता असाच आहे आणि तो वाचताना कोणालाही अडखळायला होत नाही. माझीही सुरुवात तशीच झाली, आणि दोन संध्याकाळींत पडद्यावर वाचता येण्याजोगे असेम्ब्ली दिसू लागले.

परंतु ‘जुळणारी पहिली ओळ घ्यायची’ या चार शब्दांनी मला जो त्रास दिला, त्यावरच माझ्यापुरता निर्णय झाला.

रिस्क-फाइव्हमध्ये सी.एलयूआय ही रजिस्टरच्या वरच्या बिटांत संख्या भरणारी इन्स्ट्रक्शन ओळखण्याचा मास्क हेक्समध्ये ई००३ आणि मूल्य ६००१ आहे. स्टॅक पॉइंटर (फंक्शनच्या तात्पुरत्या स्मृतीचे टोक दाखवणारे २ क्रमांकाचे रजिस्टर) सरकवणारी सी.ॲडआय१६एसपी ही तिच्याच पोटात बसते: मास्क ईएफ८३, मूल्य ६१०१. ज्या सी.एलयूआयचे लक्ष्य-रजिस्टर २ क्रमांकाचे, ती सी.एलयूआय नसतेच, असा हा करार आहे. माझ्या तक्त्यात आरंभी या दोन ओळी योग्य क्रमाने होत्या. पण तो क्रम विचारपूर्वक ठेवलेला नव्हता, योगायोगाने लागला होता. पुढे निर्मात्याच्या इन्स्ट्रक्शन्सची भर घालताना तक्ता अस्ताव्यस्त दिसू लागला, म्हणून मी तो नीटनेटका करावा या सद्हेतूने मूल्यांच्या चढत्या क्रमाने लावला. ६००१ वर गेले, ६१०१ खाली गेले आणि तेव्हापासून सी.ॲडआय१६एसपीची ओळ मृत झाली. कोणतीही तक्रार आली नाही, कंपायलरने इशारा दिला नाही, प्रोग्राम सुरळीत चालत राहिला.

ही चूक लपून राहिली याचे कारणही लक्षात घेण्याजोगे आहे. एखाद्या फंक्शनला स्टॅकवर १६ बाइट लागत असतील, तर कंपायलर साधी सी.ॲडआय वापरतो, कारण तिच्यात उणे ३२ पासून ३१ पर्यंतची संख्या मावते. ३२ बाइट परत करताना किंवा ४८ बाइट लागले की मात्र सी.ॲडआय१६एसपी येते. म्हणजे लहान फंक्शने अगदी बरोबर दिसत होती आणि मी ज्यांवरून माझा डिसअसेम्बलर तपासत होतो, ती सगळी लहानच होती. मोठ्या फंक्शनच्या आरंभी येणारा ७१७९ हा शब्द, ज्याचा अर्थ स्टॅक ४८ ने खाली घ्या असा आहे, मला ‘एलयूआय एसपी’ (एसपी म्हणजे स्टॅक पॉइंटर) असा दिसत होता. स्टॅक पॉइंटरमध्ये असे थेट भलतेच मूल्य कोणी का भरेल, हे कोडे सोडवण्यात माझा जवळजवळ एक आठवडा गेला आणि त्या आठवड्यात मी दोष पंपाच्या प्रोग्रामला देत होतो.

यावर उपाय नाही असे नव्हे. ज्या ओळीच्या मास्कमध्ये अधिक बिट ठरलेले, ती आधी, असा नियम लावून तक्ता आपोआप क्रमवार करता येतो आणि पोटात बसणाऱ्या जोड्यांपुरता तो पुरतोही. मात्र निर्मात्याची इन्स्ट्रक्शन आणि सी.एफएलडी यांचे मास्क व मूल्य तंतोतंत एकच असते, तिथे बिट मोजून काहीच ठरत नाही. तिथे निवड माणसानेच करायची असते. आपण निवड केली आहे हे तक्त्यात कुठेतरी दिसावे, एवढीच अपेक्षा असते, आणि हाताने लिहिलेला तक्ता ती पुरी करत नाही.

टेबलजेनविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्याची शक्ती निर्विवाद आहे आणि माझी गरज त्या मानाने फारच लहान होती. एलएलव्हीएममधील वर्णने हाताशी असल्यामुळे बिटांचे नमुने पुन्हा लिहावे लागत नाहीत, आणि दोन नमुन्यांतून निवड करता आली नाही तर ते तसे स्पष्ट सांगते. कॅपस्टोन हा सर्वपरिचित डिसअसेम्बलर एलएलव्हीएमच्याच पायावर उभा आहे. पण मिळणारा तक्ता एलएलव्हीएमच्या स्वतःच्या रचनांशी बांधलेला असतो आणि त्या गाठी सोडवण्याचे काम आपल्यावर येते. शिवाय केवळ टेबलजेनचा प्रोग्राम वेगळा बांधून घेता येतो हे ठाऊक नसल्याने मी पहिल्यांदा अख्खे एलएलव्हीएम बांधायला बसलो, तेही जुलैत, जेव्हा आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नसतो. हा दोष माझ्या अज्ञानाचा होता, साधनाचा नव्हे. अनेक प्रोसेसरांसाठी दीर्घकाळ टिकणारे काम ज्यांना उभारायचे आहे, त्यांनी ही वाट गांभीर्याने पाहावी, असे मला वाटते.

डीकोडट्रीमध्ये प्रत्येक इन्स्ट्रक्शनची एक ओळ असते. ठरलेले बिट शून्य-एक असे लिहायचे, बदलते बिट टिंबांनी दाखवायचे. मॅन्युअलमधील आकृती शेजारी ठेवली तर दोन्ही जवळजवळ सारखेच दिसते. त्यातून सी भाषेतील स्विचांची उतरंड तयार होते. एकाच संख्येचे विखुरलेले बिट गोळा करण्याचे किचकट कामही एका ओळीत मावते: सी.ॲडआय१६एसपीची संख्या बिट १२, मग ४ व ३, मग ५, मग २, मग ६ अशा क्रमाने जोडावी लागते, आणि तो क्रम तसाच्या तसा लिहिता येतो. मला मोह पडला तो मात्र याचा नव्हे. सी.एलयूआय आणि सी.ॲडआय१६एसपी या दोन ओळी मी तिथे सुट्या लिहिल्या, तेव्हा स्क्रिप्टने काम थांबवले आणि दोन्ही ओळींचे क्रमांक देऊन सांगितले की हे नमुने एकमेकांवर चढत आहेत. ते चढणे आपल्याला मान्य असेल, तर त्या ओळी महिरपी कंसात बंद कराव्या लागतात. मगच त्यांच्यापुरता वरून खाली असा क्रम लागू होतो. निर्मात्याची इन्स्ट्रक्शन आणि सी.एफएलडी यांनाही असाच कंस घातला. वरच्या ओळीच्या फंक्शनने ‘ही माझी नाही’ असे उत्तर दिले की पाळी खालच्या ओळीची येते. जिथे क्रमाला अर्थ आहे तिथे तो डोळ्यांना दिसतो, आणि बाकीच्या फाइलमध्ये ओळी हव्या तशा लावल्या तरी काही बिघडत नाही.

या साधनाच्या मर्यादा आहेतच. तयार होणारा कोड क्यूएमूच्या सवयींनी लिहिलेला असल्यामुळे बिट काढणारी दोन-चार लहान फंक्शने आपण पुरवावी लागतात, आणि कागदपत्रे वाचताना हे साधन मुळात एम्युलेटरसाठी आहे याचा विसर पडू देता येत नाही. तरी क्यूएमूमध्येच एव्हीआर आणि ओपनरिस्क या प्रोसेसरांचे डिसअसेम्बलर याच पद्धतीने केलेले आहेत, त्यामुळे उदाहरण शोधत फिरावे लागत नाही. गंमत अशी की त्याच क्यूएमूमधील रिस्क-फाइव्हचा डिसअसेम्बलर मात्र हाताने लिहिलेल्या स्विचांचा आहे. एक्स८६ चे प्रिफिक्स (इन्स्ट्रक्शनच्या आधी येणारे जादा बाइट) आणि पंधरा बाइटांपर्यंत लांबणाऱ्या इन्स्ट्रक्शन्स डोळ्यांसमोर असतील, तर मी डीकोडट्री सुचवणार नाही.

जुना हाताचा तक्ता मी फेकून दिला नाही. १६ बिटांच्या ६५,५३६ मूल्यांपैकी शेवटचे दोन बिट ११ असणारी, म्हणजे लांब इन्स्ट्रक्शन्सची, वगळली की ४९,१५२ उरतात. ती सगळी दोन्ही उकलींमधून काढून शेजारी-शेजारी ठेवायला संगणकाला क्षणभरही लागत नाही. सी.ॲडआय१६एसपीचे फरक अपेक्षेप्रमाणे निघाले. त्यांखेरीज ०००० पासून चार-चारच्या अंतराने येणाऱ्या आठ मूल्यांवर दोघांचे एकमत नव्हते, आणि तिथे हाताचा तक्ता बरोबर होता: स्टॅक पॉइंटरमध्ये संख्या मिळवणाऱ्या सी.ॲडआय४एसपीएनमधील ती संख्या शून्य असेल तर ती इन्स्ट्रक्शन वैध नसते, ही ओळ मी डीकोडट्रीच्या फाइलमध्ये लिहायलाच विसरलो होतो, आणि न लिहिलेली ओळ कशावर चढत नसल्याने स्क्रिप्टलाही बोलण्याचे कारण नव्हते.