जुलैतली ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड ग्रुप टूर

पुण्यातल्या एका टूर कंपनीबरोबर आईबाबांना घेऊन जाऊन आलो. पैसे वसूल, पण पॅकिंग करताना डोक्याला शॉट लागतो हे आधीच सांगतो, कारण जुलैत तिकडे हिवाळा, पण ऑस्ट्रेलियातल्या केर्न्सला ऐन हिवाळ्यातही पंचवीसेक डिग्री म्हणजे हाफ पँट आणि टोपी, आणि न्यूझीलंडच्या क्वीन्सटाउनला रात्री शून्याच्या खाली, मग काय स्विमसूटशेजारीच थर्मल कोंबायचे.

ग्रेट बॅरियर रीफला ग्रीन आयलंडवर ग्लास बॉटम बोट होती, बाबांना पोहता येत नाही तरी कोरल, मासे सगळं बसल्या जागी दिसलं, स्वारी एकदम खूश! कुरांडाची जुनी रेल्वेही मस्त, खंडाळ्याचा घाट आठवतोच.

सगळ्यात भारी मिलफर्ड साउंड, म्हणजे न्यूझीलंडमधली उंच कड्यांमध्ये शिरलेली समुद्राची चिंचोळी खाडी. क्वीन्सटाउनहून एका बाजूने जवळपास २९० किमी, बसून बसून कंबर आखडते, पण होमर टनेलमधून बाहेर आलं की समोर एकदम खोल उतार आणि बर्फाचे कडे, बसमधल्या भेंड्या आपोआप बंद. हिवाळ्यात हिमस्खलनाच्या भीतीने हा रस्ता बंद ठेवतात कधीकधी, तेव्हा त्या दिवशी पर्याय काय ते बुकिंगलाच लेखी घ्या, आमच्या कंपनीने विषयच काढला नव्हता.

जेवणात रोज पनीर, वैताग नुसता. टूर मॅनेजर मात्र हुशार, न्यूझीलंडला उतरायच्या आधीच सगळ्या काकूंना चकल्या-लाडू फॉर्मवर डिक्लेअर करायला लावले, नाहीतर ४०० डॉलर दंड. मेलबर्नची धावती सिटी टूर नसती तरी चाललं असतं.