एआरटी सेंटरमधला (एचआयव्हीची औषधं मिळतात तिथला) आहाराचा सल्ला: आमचा दीड वर्षाचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

माझ्या धाकट्या बहिणीला टीबी निघाला आणि त्याच तपासणीत एचआयव्ही पण निघाला, तेव्हा तिचं वजन ३४ किलो होतं, आज ४५ आहे. एआरटीच्या गोळ्या सरकार २००४ पासून फुकट देतंय, त्यावर बरेच जण लिहितात. मला लिहायचंय ते आमच्या जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यातल्या सेंटरवर खाण्याबद्दल जे समजावतात त्याबद्दल, कारण आम्ही सुरुवातीला त्याकडे लक्षच दिलं नव्हतं.

मला वाटलेलं सफरचंद, डाळिंब, बदाम अशी यादी हातात देतील आणि आम्ही ती फाईलमधे ठेवून देऊ. तसं काहीच नाही झालं. काउन्सिलर मॅडमनी विचारलं काल रात्री घरात काय शिजलं, किती माणसं जेवली, आणि ही कधी जेवली. बहीण गप्पच. कारण ती शेवटी जेवते, सगळ्यांचं झाल्यावर, तेव्हा टोपलीत अर्धी भाकरी आणि पातेल्यात वरणाचं नुसतं पाणी उरलेलं असतं, आणि हे रोज माझ्या डोळ्यासमोर चाललेलं तरी मला कधी दिसलं नाही. मॅडम आईला म्हणाल्या, मावशी, हिचं ताट आधी वाढून झाकून ठेवत जा, बाकीचं आपण नंतर बघू. खरं सांगते, सगळ्यात जास्त फरक याच एका गोष्टीने पडला.

मग हिशोब सांगितला. काही त्रास होत नसला तरी एचआयव्हीत अंगाला साधारण १० टक्के जास्त खाणं लागतं, आजारी असताना २० ते ३० टक्के, म्हणजे हिच्यासाठी रोज एक भाकरी आणि मूठभर शेंगदाणे जास्तीचे. मटकीला मोड आणा पण शिजवूनच खा, अंडं पूर्ण उकडलेलं, पाणी उकळून गार केलेलं, गाड्यावरची कापलेली फळं नको. तोंड आलं होतं तेव्हा तिखट आंबट बंद करून नाचणीची पेज आणि गुरगुट्या भात तूप घालून द्यायला सांगितलं, तेवढंच तिच्या घशाखाली उतरायचं. आम्ही मेडिकलमधून ८५० रुपयांचा ताकदीच्या पावडरीचा डबा आणलेला, तो बघून त्या म्हणाल्या एवढ्या पैशात दीड महिना रोज दोन अंडी होतात. परत नाही आणला.

अजून एक, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. एचआयव्हीच्या हल्लीच्या गोळीत डोल्युटेग्राविर नावाचं औषध असतं, तिच्याबरोबर लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी रिकाम्या पोटी घेतली तर औषध नीट लागू होत नाही, दोन्ही जेवणासोबत घेतल्या तर चालतं. बहीण दोन्ही सकाळी उपाशीपोटी घेत होती! तुम्ही पण सेंटरवर विचारून वेळ ठरवून घ्या.

आता एक स्टार का कापला ते. सल्ला मिळतो, धान्य नाही मिळत. टीबीचे उपचार चालू होते तोवर निक्षय पोषण या टीबी पेशंटच्या खाण्यासाठीच्या सरकारी योजनेचे महिन्याला १००० रुपये खात्यात यायचे, टीबी बरा झाला, पैसे बंद, आणि तिची भूक तर तेव्हाच खरी उघडली. मजुरीच्या घरात डाळ आणि अंडी रोज कुठून आणायची, याचं उत्तर मॅडमकडे पण नव्हतं, त्यांचा दोष नाही. त्यांनीच संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरायला लावला, आता १५०० येतात. मधे एका संस्थेने पोषण किट दिलं, गूळ शेंगदाणे डाळ सगळं चांगलं होतं, पण देताना रांगेत उभं करून फोटो काढायला लागले. बहीण किट न घेताच घरी आली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात संमतीशिवाय कुणाला एचआयव्ही आहे हे उघड करायचं नाही असं आहे, हे मदत करणाऱ्यांना माहीत नसावं का?

गर्दी असते, तीन चार तास जातात, त्यामुळे डब्यात भाकरी चटणी घेऊन जा, उपाशी बसू नका. आणि पेशंटची तयारी असेल तर घरात स्वयंपाक जी व्यक्ती करते तिला एकदा तरी सोबत न्या, आमची आई आली नसती तर ते झाकलेलं ताट कधी सुरूच झालं नसतं.